इमलाबाईंचे गुलाबी दाणे

डॉ. इमला रहांगडाले यांना पोहता येत नव्हतं. जहाज बंदरातून सुटलं की पुढचे कित्येक दिवस त्या प्लास्टिकची बादली मांडीवर घेऊन डेकच्या कोपऱ्यात बसायच्या आणि तिथूनच सगळ्यांना कामं सांगायच्या. जेवताना समुद्राचा मासा पानात आला की ताट सरकवायच्या. "तळ्यातला असता तं खाल्ला असता," म्हणायच्या. अशा बाईंनी सगळी नोकरी समुद्राच्या तळाच्या चिखलात घालवली. हजारो, लाखो वर्षांपूर्वी आपल्याकडचा समुद्र किती ऊन होता आणि किती गार, हे त्या चिखलातून काढायचं, हे त्यांचं काम.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर कुणीतरी लिहावं असं गोंदियात बऱ्याच जणांना वाटतं, आणि सगळे माझ्याकडे बघतात. त्यांच्या हाताखाली काम केलेला इथे मी एकटाच. मी आजवर टाळत आलो. बाईंबद्दल लिहायचं तर स्वतःला वगळून लिहिता येत नाही, आणि स्वतःबद्दल लिहावं असं माझ्याकडे फारसं काही नाही. तरीही लिहितो.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते मुलाखतीच्या खोलीत. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत सहायकाची जागा होती. भूशास्त्राची पदवी घेऊन मी दोन गाड्या बदलत तिथे पोहोचलो होतो. टेबलापलीकडे चार-पाच मोठी माणसं, आणि एका टोकाला चष्मा कपाळावर चढवलेल्या, लहानखुऱ्या, सावळ्या बाई. मी पाठ केलेल्या इंग्रजीत उत्तरं देत होतो. बाई माझा अर्ज वाचत होत्या. मध्येच त्यांनी मान वर केली.

"कोनत्या गावचा तू?"

मी दचकलो. एवढ्या लांब, त्या खोलीत, आमच्याकडची बोली. म्हटलं, "आमगावकडचा, मॅडम."

"मंग इंग्रजी काऊन झाडून राहिला? समुद्र पाह्यला का कधी?"

"नाही."

"काल आला न तू? दोन पावलांवर आहे. काल नाही गेला पाहाले?"

"तयारी करत होतो, मॅडम."

बाई शेजारच्या साहेबांकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या की हा मुलगा समुद्रापाशी येऊन समुद्र न बघता अभ्यास करत बसला, याला घ्यायला हरकत नाही. मला वाटलं कौतुक झालं. बाहेर आल्यावर त्यांनी कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि म्हणाल्या, "मूर्खा, आधी जाऊन पाहून ये. पाय ओले केल्याशिवाय कामावर येऊ नको." मी गेलो. मागाहून त्या स्वतः आल्या, चपला हातात घेऊन, आणि लाट आली की लहान पोरीसारख्या मागे पळत होत्या.

बाईंचं काम मी घरी आईला समजावून सांगायचो, तसंच इथे सांगतो. जहाजावरून एक लांब लोखंडी नळी समुद्राच्या तळात घुसवतात. आत प्लास्टिकचं अस्तर असतं. नळी वर ओढली की त्या अस्तरात चिखलाचा लांबच लांब दंड येतो, वर अलीकडचा, खाली जुना. चिखलात डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची कवचं असतात. हे जीव जगतात समुद्राच्या वरच्या पाण्यात, मेले की तळाशी बसतात. पाणी जितकं ऊन, तितकं त्यांच्या कवचात मॅग्नेशियम जास्त. म्हणजे प्रत्येक कवच त्याच्या काळच्या पाण्याचं तापमान सांभाळून असतं. चिखल धुवायचा, बारीक जाळीवर चाळायचा, वाळवायचा, आणि मायक्रोस्कोपखाली एकेक कवच वेचायचं. बाई त्यांना कवच म्हणत नसत. दाणे म्हणत. "आज चांगले दाणे निघाले," असं म्हणाल्या की आमचं सगळ्यांचं जेवण गोड लागायचं.

वेचायला ब्रश लागतो, दोनचार केसांचाच. तो ओला करायला सगळे पाण्याची वाटी ठेवायचे. बाई सरळ ओठांवर फिरवायच्या. एकदा एक नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, हे अस्वच्छ नाही का?" बाई म्हणाल्या, "लाखभर वर्षं धुवून निघालं ते. तुझ्या कॅन्टीनच्या चमच्यापेक्षा साफ आहे." त्यांची बसण्याची रीत मी अजून विसरलो नाही. एक पाय खुर्चीवर दुमडलेला, पदर खोचलेला, अन् तोंडाने सतत बारीक पुटपुटणं. दाणा वाकडा निघाला की त्याला शिवी, नीट निघाला की शाबासकी.

आणखी एक सवय होती. कुठलंही पाणी दिसलं की हाताची उलटी बाजू बुडवायची आणि तापमान सांगायचं. नळाचं, तळ्याचं, चहाचं. मग पर्समधला थर्मामीटर काढून तपासायचं. बरोबर आलं तर नुसतं "हं". चुकलं की मात्र खूश व्हायच्या. "पाहा, हात खोटं बोलते!" असं दहा जणांना सांगत सुटायच्या. स्वतःची चूक सापडल्यावर इतका आनंद झालेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. तेव्हा मला ती गंमत वाटायची.

जहाजावरच्या दिवसांची आठवण आली की अजून मन तिकडे ओढ घेतं. नळी वर आली की भोंगा व्हायचा आणि सगळे धावायचे. लांब दंड एकदम हाताळता येत नाही, म्हणून डेकवर आडवा ठेवून त्याचे हातात मावतील असे तुकडे करायचे. आरी बाईंनी कुणाला दिली नाही. त्या कापायच्या, आणि प्रत्येक तुकड्याच्या अस्तरावर खिळ्याने बाण कोरायच्या, वरची बाजू दाखवणारा. "शाई पुसते," म्हणायच्या, "ओरखडा पुसत नाही." मग तुकड्याच्या दोन तोंडांना टोपणं. वरच्या तोंडाला निळं, खालच्या तोंडाला पांढरं. टोपणं लावायचं काम कधी माझं, कधी बावकरकाकांचं. बावकरकाका मालवणकडचे, संस्थेतले जुने तंत्रज्ञ, तंबाखू मळत मळत तोल न जाता खवळलेल्या समुद्रात चालणारे. बाईंना ते "काय गे डॉक्टर, आज किती ओकलंस?" असं विचारायचे आणि बाई त्यांना "तुम्ही बोलता त्याच्यापेक्षा कमी," असं उत्तर द्यायच्या. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली.

अशाच एका सफरीतल्या नळीने बाईंना नाव मिळवून दिलं.

त्यांच्या दाण्यांत एक जात होती, तिची कवचं पांढरी असतात आणि गुलाबीही. गुलाबी दाणे अटलांटिकमध्ये आजही आहेत. आपल्या हिंदी महासागरातून मात्र ते लाखभर वर्षांमागे नाहीसे झाले. का, ते नक्की कुणाला माहीत नाही. चिखलात खालून वर येत गेलं की ते एका जागी संपतात आणि मग दिसत नाहीत. आमच्या नळीत ते संपले, आणि थोडं वर गेल्यावर पुन्हा दिसले. मग कायमचे गेले. तिथल्या दाण्यांतलं मॅग्नेशियम मी मोजलं होतं. तेही वाढलेलं. म्हणजे समुद्र गार झाला, मग पुन्हा एकदा तापला, आणि त्या उबेत गुलाबी दाणे थोड्या काळासाठी परत आले. बाईंनी तसा निबंध लिहिला. बाहेरच्या देशांतले लोक त्याचा हवाला देऊ लागले. निबंधावर पहिलं नाव बाईंचं, दुसरं माझं. माझं नाव छापून आलेला तेवढाच एक निबंध. त्यानंतर वडील आजारी पडले, मी नोकरी सोडून परत आलो आणि गोंदियाच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवू लागलो.

निवृत्त झाल्यावर बाई गोंदियाजवळच्या कुडव्याला आल्या. भाच्याने तिथे घर बांधलं होतं, वरचा मजला त्यांना दिला. सामानात साड्यांची एक बॅग, जुना मायक्रोस्कोप, आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत धुऊन वाळवलेल्या चिखलाच्या बाटल्या. संस्थेने उरलेले नमुने शिकवण्यासाठी दिले होते. रविवारी दुपारी मी गाडी काढून त्यांच्याकडे जायला लागलो. भाचेसून वर्षा चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "आत्याबाई, हात नका बुडवू, पिऊन घ्या."

आमच्या कॉलेजात त्या हौसेने तास घ्यायच्या. एकदा एका मुलाने मागच्या बाकावरून विचारलं, "मॅडम, अपने गोंदिया में समंदर किधर है? हम पढ़ के क्या करेंगे?" वर्ग हसला. बाईंनी त्याला उभं केलं.

"बाप काय करते?"

"धानाची शेती, मॅडम."

"रोवणं कशाने होते?"

"पाण्यानं."

"पाणी कुठून येते?"

"वरून."

"वर कोनं ठेवलं? तुझ्या आज्यानं?" बाईंनी फळ्यावर बंगालच्या उपसागराचा नकाशा काढला. "हा तापते, मंग ढग उठते, मंग तुझ्या बापाचं रोवणं होते. हा पयले किती तापत होता अन् तवा पाऊस कसा होता, ते माहीत असलं तं पुढं काय होईल ते थोडं समजते. थोडंच. सगळं समजते म्हणणारा भेटला तं त्याले माझ्याकडे पाठवजो." तो मुलगा पुढे रविवारी कुडव्याला येऊ लागला आणि आता संशोधन करतो.

दोनेक वर्षांपूर्वी बाईंना कोचीहून रेश्मा नावाच्या एका मुलीचा फोन आला. ती पीएच.डी. करत होती. तिची नळी आमच्या नळीच्या दक्षिणेकडची. तिच्यात गुलाबी दाणे एकदा संपले ते संपले, परत आलेच नाहीत. तिचे मार्गदर्शक म्हणत होते, नमुने बिघडले, पुन्हा कर. बाई फोनवर तिला हिंदीत म्हणाल्या, "धोते समय गए होंगे, बेटा. फिर से धो." काही महिन्यांनी तिचा पुन्हा फोन आला. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं. मी समोर बसलो होतो. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आपलंच बरोबर आहे असं वाटण्यात सुख असतं.

गेल्या वर्षी कॉलेजने बाईंचा सत्कार ठरवला. पाहुणे, मंडप, पेपरात बातमी. बॅनरवर बाईंचा फोटो आणि खाली "सागरकन्या". बाईंनी तो पाहून विचारलं, "सागरकन्या कायले? बाप तं धानवाला होता माझा." प्राचार्यांची इच्छा होती की मुलांना बघायला मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या गुलाबी दाण्यांच्या काही काचा तयार कराव्यात, परत आले ते दाणे, क्रमाने लावलेले. बाई उत्साहाने बसल्या. पूर्वी आम्ही नमुने अंतरा-अंतराने घेतले होते. आता हातात वेळ होता, म्हणून त्यांनी मधल्या बाटल्याही उघडल्या.

पुढच्या रविवारी मी गेलो तर त्या मायक्रोस्कोपपाशी नव्हत्या. खिडकीशी उभ्या होत्या. चहा तसाच पडलेला.

"ये," म्हणाल्या. "बस. एक गोष्ट सांग मले. गुलाबी दाणे कसे गेले होते आपले? हळूहळू का एकदम?"

"हळूहळू जायला हवेत."

"जायले पायजे ते नको सांगू. गेले कसे?"

मी बाटल्यांची रांग पाहिली. दाणे भरपूर, भरपूर, आणि पुढच्या बाटलीत एकही नाही. मग थोडे, मग जास्त, मग भरपूर, आणि पुन्हा पुढच्या बाटलीत एकही नाही. दोन्ही जागी सुरीने कापल्यासारखं.

"अन् कुठं कापलं गेलं?" बाईंनी विचारलं. मी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू लागलो. त्यांनीच सांगितलं. "जोडावर. जिथं मी आरी लावली, तिथं. वरच्या बाजूनं बी, खालच्या बाजूनं बी." आणि म्हणाल्या, "समुद्राले काय माहीत बाबू, मी आरी कुठं लावली?"

त्यांनी टेबलावरचा छापील आलेख उचलला, मी केलेल्या मोजमापांचा, ज्यात रेघ खाली पडते, पुन्हा चढते आणि पुन्हा पडते. शिवणाच्या कात्रीने त्यांनी तेवढाच मधला तुकडा कापून काढला, पान उलटावं तसा पालथा केला, परत जागेवर लावला आणि पाठीमागून रेघ दिसावी म्हणून आलेख खिडकीच्या उजेडात धरला. दोन्ही टोकं जुळली. एकच रेघ, वरून खाली हळूहळू उतरत गेलेली. कुठे चढ नाही. समुद्र एकदाच गार झाला होता. गुलाबी दाणे एकदाच गेले होते.

तो तुकडा उलटा लागला होता.

बाई कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिल्या. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "किती सुंदर आहे पाह्य. पयले काऊन नाही दिसलं? आपल्याले ते परत आलेले पायजे होते, म्हणून." मग एकदम त्यांचा चेहरा उतरला. "ती कोचीची पोट्टी. दोनदा धुवायले लावलं मी तिले."

दुसऱ्या दिवशी त्यांनी संस्थेत फोन केला. नळी उभी चिरून तिचे दोन अर्धे करतात. एक कामाला, एक थंड खोलीत जपून ठेवायला. खिळ्याचा बाण जपलेल्या अर्ध्यावर गेला होता. टोपणं मात्र दोन्ही अर्ध्यांना त्याच रंगांची होती, आणि आमच्या हातात आलेल्या अर्ध्यावर तेवढीच खूण होती. तिथल्या एका तरुणाने थंड खोलीत जाऊन पाहिलं आणि आठवड्याअखेर कळवलं: बाण निळ्या टोपणाकडे नाही, पांढऱ्याकडे तोंड करून आहे. बाईंनी बाण बरोबर कोरला होता. टोपणं उलटी बसली होती.

मी तेव्हा कुडव्यालाच होतो. फोन ठेवून बाईंनी मला सांगितलं आणि लगेच लॅपटॉप उघडला. निबंध ज्या नियतकालिकात आला होता तिथे लिहायला बसल्या. मी म्हटलं, "बाई, सत्कार होऊन जाऊ द्या. आठवड्याचा तर प्रश्न आहे."

"आठवडा तुझ्यासाठी. ती पोट्टी रोज सकाळी उठून स्वतःले मूर्ख समजून राहिली असेल. तिचं काय?"

"पण निदान असं लिहा की टोपणं दुसऱ्याने लावली होती. तुमचा बाण बरोबर आहे, सिद्ध झालंय." आणि मग, मला ते वाक्य अजून ऐकू येतं, मी म्हटलं, "बावकरकाकांकडूनच झालं असणार. वय झालं होतं त्यांचं तेव्हा."

बाईंची टाइप करणारी बोटं थांबली. त्यांनी चष्मा काढला.

"मेलेल्या माणसाच्या डोक्यावर काऊन ठेवून राहिला?"

मी टेबलावरच्या बाटल्या सरळ करू लागलो.

"टोपण कोणी लावलं ते मी इचारलं का तुले? नाही न? बाण कोरल्यावर टोपण पाहणं माझं काम होतं. मी नाही पाह्यलं. माझी नळी, माझी चूक. झालं." त्यांनी चष्मा परत घातला. "जा, खाली वर्षाले सांग चहा टाक म्हणून. गरम पायजे."

मी जिना उतरलो. टोपणं कधी काका लावायचे, कधी मी. त्या सफरीत समुद्र खवळलेला होता, सगळं घाईत चाललं होतं, आणि तो तुकडा नेमका कुणाच्या हातात होता ते मला आठवत नाही. खरंच आठवत नाही. कधी कधी माझ्याच हातात निळं टोपण दिसतं, पण ते मी मनाने रंगवलेलं आहे की घडलेलं, सांगता येत नाही.

सत्काराच्या दिवशी बाई भावाच्या गावाहून, दरेकशाहून आणलेला एक बांबू घेऊन स्टेजवर आल्या. तीन तुकडे केलेला. लोकांना वाटलं काही आदिवासी कला वगैरे दाखवणार. शाल, श्रीफळ, भाषणं झाली. बाई माईकपाशी उभ्या राहिल्या आणि तिन्ही तुकडे एकाला एक लावून धरले.

"बांबू खाली जाड अन् वर बारीक. हे तुमाले मी नाही सांगायले पायजे. आता मधला तुकडा उलटा लावते." त्यांनी लावला. एका जोडावर एकदम बारीक, मग जाड होत गेलेला, मग दुसऱ्या जोडावर पुन्हा एकदम बारीक. "कोनी म्हणेल, पाहा, हा बांबू मधात पुन्हा जाड झाला. मी तेच म्हटलं. इतकी वर्षं म्हटलं. समुद्र पुन्हा तापला म्हटलं, अन् तुम्ही मले शाल दिली. समुद्र नोहोता तापला. माझा तुकडा उलटा होता. चूक माझी आहे."

मंडपात कुणाला काय करावं कळेना. सूत्रसंचालन करणारे आमचे हिंदीचे सर माईक घेऊन घाईघाईने म्हणाले, "देखिए, इसे कहते हैं महान लोगों की विनम्रता!" आणि टाळ्या पडल्या.

बाईंनी माईक परत ओढला. "विनम्रता नहीं है भाई. नली उल्टी थी."

तेव्हा लोक हसले, आणि मग खरोखरच्या टाळ्या पडल्या. मी दुसऱ्या रांगेत होतो. बाई "चूक माझी आहे" म्हणाल्या तेव्हा मला उभं राहून सांगायचं होतं की निबंधावर दुसरं नाव माझं आहे, टोपणं मीही लावत होतो. मी खुर्चीचे हात धरले होते. मी उठलो नाही. बाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्या मुलांना बांबू हातात देऊन जोड लावायला शिकवत होत्या.

निबंध मागे घेतल्याचं छापून आलं. त्याच्या आधीच बाईंनी रेश्माला फोन केला होता. मी जिन्यावर होतो, म्हणून ऐकलं. "बेटा, तेरा सही था. मेरा गलत था. तेरे गुरुजी को मैं खुद लिखती हूँ. ना, तू मत बोल, मैं बोलूँगी." पलीकडून काही ऐकू येत नव्हतं. बाई बराच वेळ नुसत्या "हाव, हाव" करत होत्या, जणू ती मुलगी रडत असावी.

थंडीत रेश्मा गोंदियाला आली. तिच्या नमुन्यांची पेटी घेऊन, बाईंना दाखवायला. मी स्टेशनवरून तिला कुडव्याला आणलं. उंच, बारीक, दीड दिवसाच्या प्रवासाने डोळे लाल झालेली, पण पेटी तिने रिक्षातही मांडीवरून खाली ठेवली नाही. तिला वर पोहोचवून मी कॉलेजात गेलो. दिवसभर मनाची तयारी केली. बाईंना सफरीतलं सगळं आठवायचं. कोण कधी ओकलं, कुणी कोणता शर्ट घातला होता, सगळं. त्या तुकड्याला टोपण कुणी लावलं तेही त्यांना आठवत असणार, असं मला वाटत होतं. आज विचारायचं, असं ठरवून मी संध्याकाळी परत गेलो.

बाई गेल्या त्या त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दरेकशाला भावाकडे गेल्या असताना, झोपेतच. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच संध्याकाळी.

जिना चढताना वरून भांडण ऐकू आलं. दार उघडं होतं. बाई आणि रेश्मा टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या, मध्ये दोघींचे आलेख. रेश्मा म्हणत होती की बाईंनी सरळ केलेली नवी रेघही एका जागी तिला पटत नाही, तिथे पाणी इतक्या लवकर गार झालं नसावं. तिचा आवाज आधी भीत भीत होता, मग चढला. बाईंचे केस सुटले होते, चष्मा कपाळावर होता, आणि चेहऱ्यावर तो आनंद होता जो मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"बोल मत," त्या म्हणाल्या. "दिखा. पहले दिखा मेरे को."

रेश्माने पेटी उघडली. बाईंनी मायक्रोस्कोपपुढची आपली खुर्ची तिच्याकडे ढकलली आणि स्वतः स्टूल ओढून तिच्या खांद्यावरून वाकल्या.

मी दारात थोडा वेळ उभा राहिलो. मग आवाज न करता मागे वळलो. खाली गाडी सुरू करेपर्यंत वरून दोघींचं भांडण ऐकू येत होतं.